आधी प्लास्टिक फिल्म कुठली ते सांगा

अंबडच्या लॅमिनेशनवाल्या मित्राने वर लिहिलंय की अ‍ॅसिटोनने फिल्म कमजोर होते. अहो, पण फिल्म कुठली? एलडीपीईला, म्हणजे पिशव्यांच्या मऊ पॉलिथिनला, साध्या तापमानाला अ‍ॅसिटोन फारसं काही करत नाही. टोल्युइन या दुसऱ्या सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने) मात्र ती फुगते. प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरलेलं सॉल्व्हंट प्लास्टिसायझरसारखं (प्लास्टिक मऊ करणाऱ्या पदार्थासारखं) वागतं, म्हणून फिल्म मऊ पडते, कमी जोरात ताणली जाते. वाळल्यावर बरंचसं परत येतं.

खरी गंमत एपीईटीची, म्हणजे स्फटिक न बनलेल्या पीईटी प्लास्टिकच्या शीटची, आपल्याकडे द्राक्षांच्या पनेटला (छोट्या पारदर्शक डब्याला) वापरतात ती. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवली की साखळ्या मोकळ्या होऊन स्फटिक बनतात. शीट दुधाळ, ठिसूळ होते आणि वाळवूनही पूर्ववत होत नाही. ताणलेल्या पीईटी फिल्मला तितका त्रास नाही, तिच्यात स्फटिक आधीच असतात. टेन्साइल टेस्ट (ताणून ताकद मोजायची चाचणी) ओल्या आणि वाळलेल्या, दोन्ही पट्ट्यांची करा, लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने वेगवेगळी.