वाळवंटात एकट्याने रात्रीचा मुक्काम: ग्रुपने बंदी घालणं बरोबर आहे का?

टिळकवाडीचा रायडर

आमच्या बेळगावच्या रायडिंग ग्रुपने मागच्या बैठकीत ठराव केला की कुणीही एकट्याने मुक्कामी राईड करायची नाही, केल्यास ग्रुपमधून नाव कमी होईल. ठरावाचं निमित्त मी आहे. जानेवारीत मी थरच्या वाळवंटात एकटा चाललोय. पुणे, अहमदाबाद, बाडमेर करत जैसलमेर, नुसतं जायचंच अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर, आणि तिथं खुरीच्या बाजूला एक रात्र स्वतःच्या तंबूत. ठराव मला मान्य नाही. का नाही, ते सांगतो.

वाळवंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सहारा येतो. थर तसं नाही. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत त्याची गणना होते. ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत, पाण्याची टाकी आहेत, रात्री लांबवर दिवे दिसतात. दुसरं म्हणजे मोसम. मे २०१६ मध्ये फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, त्या दिवसांत जाणाऱ्याला मी स्वतः अडवीन. जानेवारीत दुपार सुखाची असते आणि सांभाळायचं असतं ते थंडीला. हवा कोरडी, आकाशात ढग नाही, त्यामुळे वाळू दिवसभराची ऊब भराभर सोडते आणि पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जाऊ शकतो. आपली अंबोलीची थंडी दमट, ती वेगळी. त्यासाठी चांगली स्लीपिंग बॅग आणि खाली जाड मॅट घेतली आहे.

पण माझा खरा मुद्दा ग्रुपचाच आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुकं उतरलेलं असताना पंधरा गाड्यांची रांग जाते, प्रत्येकाला थांबावंसं वाटतं आणि कुणीच आधी म्हणत नाही. एकटा माणूस दमला की थांबतो, रस्ता पटला नाही की वळतो, कुणाला उत्तर द्यायचं नसतं. सूर्य मावळायच्या दोन तास आधी तंबू उभा आणि अंधार पडल्यावर वाळूत चाक घालायचं नाही, हा माझा नियम. तो चार मित्रांबरोबर मला कधीच पाळता आलेला नाही.

आणि इच्छा म्हणाल तर तीही सांगतो. दिवसभर दुकानात गिऱ्हाईक, घरी गोतावळा, खिशात फोन. एक रात्र कुणाशी न बोलता उघड्या आकाशाखाली काढायची आहे. खानापूरकडे भीमगड अभयारण्यात तंबू टाकता येत नाही आणि येऊही नये. मग इतक्या लांब जाणं मला वेडेपणा वाटत नाही.

निवृत्त सुभेदार, खानापूर

बाळा, तयारी चांगली केलीस. तरीही माझा विरोध आहे. माझी नोकरी मराठा लाईट इन्फंट्रीत झाली, त्यातला बराच काळ राजस्थानच्या वाळूत. फौजेत प्रत्येकाला बडी असतो, जोडीदार. हत्यार हाताशी असलेल्या तरण्या जवानालासुद्धा एकट्याला सोडत नाहीत, त्यामागे फार जणांचा अनुभव आहे.

तू दिव्यांचं लिहिलंस. वाळवंटातला दिवा फसवतो. हवा स्वच्छ असते, मध्ये झाड-डोंगर काही नाही, म्हणून सात-आठ किलोमीटरवरचा दिवा हाकेच्या अंतरावर वाटतो. वाळूत पाय रुततो, रस्त्यावरच्या निम्म्या वेगानेही चालवत नाही. मध्ये टेकाड आलं की दिवा गायब, आणि पलीकडे उतरेपर्यंत दिशा चुकलेली असते.

आता खरी भीती सांगतो. गाडी तुझी हिमालयन, म्हणजे २०० किलोच्या घरात, वर सामान. पुढचं चाक वाळूत घुसलं, गाडी आडवी झाली आणि पाय खाली अडकला. दुसरा माणूस असेल तर गाडी लगेच उचलली जाते, पाय झटकून दोघं पुढे निघतात. एकट्याला त्या जागी सकाळ होईल. मोबाइलला रेंज नसेल. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तो सीमेच्या जिल्ह्यात सापडला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आणि जागा बघून. सीमेलगतच्या काही पट्ट्यांत परवानगीशिवाय जाता येत नाही. पोखरणची फायरिंग रेंज आहे. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सीमेला सुरुंग पेरले होते, नंतर ते काढले, तरी वाळूत पडलेल्या लोखंडी वस्तूला हात लावायचा नाही. मोकळं रान दिसलं म्हणून तंबू ठोकला, असं तिथं चालत नाही.

चिकोडीकर

ग्रुपबद्दल लिहिलेलं शंभर टक्के खरं. मागे पडायला नको म्हणून मी ओल्या घाटात नको तेवढी गाडी पळवली आहे. त्याबद्दल कुणी ठराव करत नाही.

निपाणीची रायडर

सुभेदार काका, तुमचं सगळं पटतं, पण त्यावरून बंदी निघत नाही. एकट्याने प्रवास करणं ही एक गोष्ट आणि निर्जन जागी झोपणं ही दुसरी. ठरावाने दोन्हींना एकच शिक्षा लावली.

मी कच्छला एकटी गेले होते. खावड्याहून धोळावीराला जाणारा नवा रस्ता रणातून सरळ जातो, दोन्ही बाजूंना पाणी नाहीतर पांढरं मीठ. (धोळावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, त्यासाठी तरी जाच.) मीठ वरून फरशीइतकं घट्ट दिसतं. एका ठिकाणी गाडी कडेला लावून दोन पावलं आत गेले तर वरचा पापुद्रा मोडला आणि बूट घोट्यापर्यंत काळ्या चिखलात. गाडी घातली असती तर ती बाहेर काढायला ट्रॅक्टरच लागला असता. त्या दिवशी ठरवलं की डांबर सोडायचं नाही. रात्री गावात विचारलं, एका कुटुंबाने भुंग्यासमोरच्या, म्हणजे तिथल्या गोल मातीच्या घरासमोरच्या, अंगणात तंबू टाकू दिला. आजींनी बाजरीचा रोटला दिला, मी माझी स्लीपिंग बॅग पसरली आणि शांत झोपले. एकटीच होते, आणि हाक मारली तर ऐकायला माणूस होता. बाईमाणसाला हे पहिल्यापासून कळतं, कारण आम्हाला निर्जन जागेची भीती लहानपणीच शिकवली जाते. पुरुषांनीही ती थोडी शिकावी, एवढंच माझं म्हणणं.

टिळकवाडीच्या दादांना एक प्रश्न. तंबूबाहेर शेकोटी पेटवणार आहात का? तिथं लाकूड म्हणजे खेजडी, आपली शमी. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडलीत अमृतादेवी आणि बिश्नोई समाजाची एकूण ३६३ माणसं खेजडी वाचवताना मारली गेली. जैसलमेरकडे ओरण आहेत, देवाच्या नावाने राखलेली राने, आपल्याकडच्या देवरायांसारखी. तिथली वाळकी फांदीसुद्धा लोक नेत नाहीत. आणि खुरीच्या बाजूलाच डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे, माळढोकाचं शेवटचं मोठं घर. सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, तिथं आज पक्षी दिसणं किती मुश्किल झालंय ते ठाऊक आहे ना? त्या हद्दीत रात्री हेडलाइट लावून फिरणं मला अजिबात चालत नाही, एकट्याने नाही आणि ग्रुपनेही नाही.

टिळकवाडीचा रायडर

ताई, शेकोटी नाही. छोटा गॅस स्टोव्ह आहे, पार्कची हद्दही नकाशावर आखून घेतली आहे.

काका, पाय अडकायचं तुम्ही लिहिलंत त्यावर एक सांगायचंय. डांबरावर पाय अडकला तर खालून जागा मिळत नाही, पण वाळू हाताने उकरता येते. पायाखालची वाळू काढली की पाय सुटतो.

शहापूरचा मेकॅनिक

सुटतो, पण बूट घोट्याच्या वरपर्यंत हवा आणि सामानाला लोखंडी बॉक्स नको. बॉक्सखाली नडगी आली तर उकरून उपयोग नाही. कापडी सॅडल बॅगच लावा. आणि सायलेन्सर उजवीकडे आहे हे विसरू नका, पाय त्याच्याखाली गेला तर उकरेपर्यंत भाजतो.

जाणारच असाल तर आधी इथं सराव करा. बैलहोंगलकडे नांगरलेल्या काळ्या रानात गाडी आडवी पाडा आणि एकट्याने उचला. इंजिन बंद, गिअर टाकलेला. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, पाठ ताठ, आणि छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. कमरेने उचलाल तर कंबर जाईल. सामानासकट लागोपाठ उचलता आली नाही, तर तो माणूस एकट्याने वाळूत जायला तयार नाही असं मी स्पष्ट सांगतो. टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, त्याखाली ट्यूब फिरून वॉल्व्ह तुटतो. डांबर लागल्यावर परत भरायला पंप लागेल. साइड स्टँडखाली लोखंडी पत्र्याचा तुकडा ठेवा, नाहीतर रात्री गाडी आपोआप तंबूवर येईल.

हुक्केरीचा एक बाप

माझाही मुलगा असाच फिरतो, म्हणून लिहितो. ठरलेल्या वेळी त्याचा फोन आला नाही तर हुक्केरीत बसून मी काय करायचं? इथून ११२ फिरवला तर तो कर्नाटकातच लागणार. जैसलमेरच्या वाळूत माझा मुलगा कुठे आहे हे मी कुणाला सांगू? तुम्ही एकटे जाता खरं, पण ती रात्र घरातले सगळे जागून काढतात. याचा विचार तुमच्या लिखाणात कुठेच दिसला नाही.

टिळकवाडीचा रायडर

काका, तुमच्या प्रश्नाला उत्तर असायलाच हवं. निघण्याआधी घरी तीन नंबर लिहून ठेवीन: जवळच्या पोलीस ठाण्याचा, आदल्या रात्री राहतो त्या गेस्ट हाऊसवाल्याचा आणि ज्यांच्या ढाणीजवळ तंबू टाकेन त्यांचा. सकाळी नऊपर्यंत मी पोचलो नाही तर गेस्ट हाऊसवाला शोधायला निघेल, हे त्याच्याशी आधी बोलून ठेवीन. निपाणीच्या ताईंचा मुद्दाही घेतो, तंबू ढाणीपासून हाकेच्या अंतरात. पण माणूस सोबत नेणार नाही.

ठरावात मला दुरुस्ती हवी आहे. एकट्याने जायची बंदी काढा. त्याऐवजी एकट्याने जाणाऱ्याने ग्रुपसमोर सामानासकट गाडी उचलून दाखवावी आणि हे नंबर लेखी द्यावेत, अशी अट घाला.

निवृत्त सुभेदार, खानापूर

अट चांगली आहे, माझं मत मात्र तेच आहे. गाडी उचलायची परीक्षा शुद्धीवर असलेल्या माणसाची असते. डोकं आपटून बेशुद्ध पडलेल्याची नाही.

ग्रुपमधलाच, गणेशपूर

दुरुस्ती लेखी दे, पुढच्या बैठकीत घेऊ. मी विरोधातच हात वर करणार. गाडीवर ग्रुपचं स्टिकर असलेल्या पोराला काही झालं तर त्याच्या आईसमोर जाऊन उभं राहायचं काम आमच्यावर येतं. ते मला जमणार नाही.

टिळकवाडीचा रायडर

स्टिकर काढून जाईन, दुरुस्तीही लेखी देतो. बैठकीला सुभेदार काकांना बोलवा. बेशुद्धीबद्दल ते जे म्हणाले त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही, आणि ते सगळ्यांनी समोर ऐकावं असं मला मनापासून वाटतं.