गिरगावातलं सामान गोरेगावच्या टू-बीएचकेत: काय न्यावं, काय सोडावं?

गिरगावकरीण:
नमस्कार मंडळी. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, पावसाळा संपता संपता खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. गोरेगाव पूर्वेला स्वतःचा फ्लॅट घेतलाय, आता कायमचे तिथेच. घोळ सामानाचा आहे. आजेसासऱ्यांचा चार खांबांचा पलंग (6 फूट बाय 4), लांब हातांची वेताची आरामखुर्ची, आरशाचं सागवानी कपाट, गोल कोपऱ्यांचं काचेचं शोकेस आणि चार वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. त्या एका बंद पडलेल्या इराणी हॉटेलातून घेतल्या असं सासरे सांगायचे. शिवाय हिरवं गोदरेजचं कपाट. नवऱ्याला सगळं नवीन, पांढरं, हँडल नसलेलं हवंय. सासूबाई एक पाटसुद्धा सोडायला तयार नाहीत. मला पाहुण्यांना "जरा जपून बसा हं" म्हणावं लागेल असं घर नको, आणि बिल्डरचा सॅम्पल फ्लॅटही नको. बेडरूम 10 बाय 11, हॉल 10 बाय 16. परवा एक डीलर येऊन "सगळं अँटिक आहे, एकगठ्ठा देऊन टाका" म्हणून गेला. त्याचा आकडा ऐकून संशय आला. काय करू?

नाना_रंधेवाले:
ताई, त्या डीलरला पहिल्यांदा लांबून नमस्कार करा. अँटिक म्हणायचं आणि भाव लाकडाच्या वखारीचा द्यायचा, ही जुनी रीत आहे. आपल्या 1972 च्या कायद्यात पुरावस्तूला किमान 100 वर्षं वय लागतं. तुमचा पलंग तेवढा जुना असेलही, शोकेस बहुतेक नसेल. म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही.

गोल कोपरे म्हणताय, म्हणजे ते 1930-40 च्या दशकांतलं काम वाटतं. तेव्हा मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानासमोर आर्ट डेको, म्हणजे सरळ रेषा नि गोल कोपऱ्यांच्या शैलीतल्या, इमारती उभ्या राहत होत्या आणि फर्निचरनंही तेच वळण घेतलं होतं. 1937 साली इथल्या आर्किटेक्ट मंडळींनी टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं होतं, नव्या पद्धतीचं घर कसं लावावं हे लोकांना दाखवायला. म्हणजे तुमच्या यजमानांचा हट्ट या शहरात चांगला मुरलेला आहे! तुमचं शोकेस म्हणजे त्या काळचं मॉडर्न. नक्षी नाही, सरळ रेषा. यजमानांच्या पांढऱ्या फर्निचरशेजारी सगळ्यात आधी तेच शोभेल. हॉलमध्ये जुनं एवढंच मोठं ठेवा, समोरची भिंत मोकळी सोडा. एकच सांभाळा: अशा कामात बरेचदा प्लायवर पातळ व्हिनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पापुद्रा, चिकटवलेलं असतं. पॉलिशवाल्यानं मशीन फिरवलं की व्हिनियर उडालं, खालचा प्लाय उघडा. हातानेच घासून घ्या.

आता पलंग. माझे वडील खेतवाडीत सुतारकाम करायचे, असे पलंग मी लहानपणी खोलायला मदत करायचो. खांब बहुतेक वेळा आट्यांवर किंवा खुंटीवर बसवलेले असतात, वेगळे होतात. 10 बाय 11 च्या खोलीत, फॉल्स सीलिंगखाली, डोक्यावर पंखा असताना पलंगाच्या खांबांवर कापडी छत ताणलं तर वारा अंगाला लागणार नाही. पलंग न्या, वरचे खांब काढून कापडात गुंडाळून माळ्यावर टाका. आणि त्यावर 8 इंची मॅट्रेस चढवू नका. खाली ट्रंका सरकवायच्या म्हणून हे पलंग मुळातच उंच, सासूबाईंचे पाय लोंबकळतील. मापानं 4 इंची गादी करून घ्या. दोघांना 4 फूट अपुरे पडतात, तेव्हा तो सासूबाईंच्याच खोलीत शोभेल. तुमच्या खोलीत खुशाल नवा घ्या.

आरशाच्या कपाटाची खोली मोजा. 18 इंच निघाली तर शर्टाचा हँगर सरळ मावत नाही, त्याला 22 ते 24 लागतात. त्यात साड्या, चादरी, पुस्तकं. रोजच्या कपड्यांना नवीन वॉर्डरोबच करा, इथे जुन्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आरशावर दमटपणाचे काळे डाग असतील तर असू द्या.

खुर्च्या मात्र चारही. वाफेवर बीचचं लाकूड वाकवून खुर्ची करायची ही थोनेट नावाच्या कारागिराची पद्धत, त्याची कॅफेतली प्रसिद्ध खुर्ची 1859 ची. आपल्या इराण्यांकडे त्याच घराण्यातल्या खुर्च्या आल्या. वजनाला हलक्या, जागा खात नाहीत, आणि साध्या पांढऱ्या टेबलाशी छान जमतात. टेबल घेताना उंची 29-30 इंच आणि खुर्चीची बैठक 17-18 इंच आहे ना, बघा. मध्ये फूटभर अंतर हवं. बैठकीखालचे स्क्रू आवळून घ्या.

आरामखुर्चीचं वेत सैल पडलं असेल तर लगेच विणायला देऊ नका. खालच्या बाजूनं ओला फडका दाबून सावलीत वाळू द्या, तुटलेलं नसेल तर ताणून येतं.

सामान_कमी:
नाना, आदर ठेवून सांगतो, हे सगळं आठवणींच्या नावाखाली चाललंय. गोरेगावात चौरस फुटाला काय मोजलंय ते आठवा आणि मग ठरवा की त्यातल्या चोवीसावर पलंग ठेवायचा का. दोन खुर्च्या ठेवा, बाकी विका. तुर्भ्याला आयकिया आहे, एका फेरीत घर लागतं. पुढं घर बदललं तर उघडून नेता येतं.

मुलुंडची_मावशी:
विकायचंच असेल तर ओशिवऱ्याच्या आणि चोर बाजारातल्या दुकानांत आधी फिरून भाव तरी बघून ये. चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर शुक्रवारी जाऊ नकोस, दुकानं बंद असतात. आणि जुन्या दारांच्या फळ्यांतून परवा केलेलं कपाट 'ब्रिटिशकालीन' म्हणून ऐकायची तयारी ठेव! स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच दिसली की ओळखायचं. तसले स्क्रू 1930 च्या दशकात निघाले, त्याआधीच्या वस्तूत मूळचे असणं शक्य नाही.

गोदरेज मुळीच देऊ नकोस. ही लोखंडी कपाटं ते 1923 पासून बनवतायत, आणि वाळवी त्याला काय करणार? मी माझं गॅरेजवाल्याकडून मोरपंखी करून घेतलं, आता येणारा प्रत्येक जण कुठून घेतलं विचारतो. नवऱ्याला पांढरं हवंय ना? दे पांढरं मारून.

नाना_रंधेवाले:
सामान_कमी, जागेचा हिशेब चुकीचा नाही. म्हणूनच वॉर्डरोब, सोफा, किचन नवीन म्हणतोय. फक्त बाथरूमच्या भिंतीला लागून पार्टिकल बोर्ड (भुसा दाबून केलेली फळी) नको. आपल्या पावसाळ्यात खालची कड फुगली की परत बसत नाही. तिथे पाण्याला टिकणारा मरीन प्लायच.

मावशींचा मोरपंखी रंग बेस्ट. पण ताई, तोच उत्साह सागवानावर नको. काँट्रॅक्टर "सगळ्याला पीयू मारून देतो" म्हणेल, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर, तो जुन्या कामाला मारू देऊ नका. त्यावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. आतल्या बाजूला बोळ्यानं थोडं स्पिरिट लावा. चिकट होऊन रंग बोळ्यावर आला तर लाखच. ते पुन्हा कधीही दुरुस्त होतं, पीयू खरवडूनच काढावं लागतं. हवेत ओल असताना लाख लावली तर पांढरट पडते, म्हणून पॉलिशचं काम दिवाळीनंतर.

गिरगावकरीण:
नाना, मावशी, खूप आभार. यजमानांना शोकेसचं वाचून दाखवलं, "मग ते चालेल" म्हणाले!! गोदरेजच्या रंगावरून मात्र घरात दोन तट. एक शंका: आरशाच्या कपाटाखाली पिवळसर भुसा दिसतो. टाकावं लागेल का?

नाना_रंधेवाले:
एवढ्यात नाही. जागा पुसून खाली काळा कार्डपेपर पसरा, आठवडाभर कपाट हलवू नका. भुसा पुन्हा पडला तर किडा जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा शिवत नाही, पण तेव्हाचे कारागीर पाठीला हलकं लाकूड ठोकायचे आणि खातो तो तेच. पाठ बदलली आणि भोकांत सुईनं औषध भरलं की कपाट वाचतं, मात्र हे गिरगावातच उरका, तसंच गोरेगावला नेऊन नव्या फर्निचरशेजारी उभं करू नका. आणि फोटो टाकाल तो मागच्या बाजूचा टाका. पुढून सगळीच कपाटं चांगली दिसतात.