शब्दचर्चा: वस्तुसंग्रहालय की वास्तुसंग्रहालय?

नौपाडेकरीण: लेक सहावीत आहे, तिने निबंधात "मणिभवन हे वास्तुसंग्रहालय आहे" असं लिहिलं. बाईंनी 'वा'चा काना खोडला आणि अर्धा मार्क कापला. घरी येऊन रडवेली, म्हणते आई आपण तिथे वस्तू कुठे बघितल्या, घरच बघितलं ना. मला उत्तरच सुचेना.

तिचं म्हणणं अगदी खोटं नाहीये हो. आम्ही रविवारी गेलेलो, ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड, मग चालत गामदेवी (आपल्याकडे गावदेवी मैदान आहे ना, तेच नाव, फक्त तिकडे गावाचं गाम झालंय). घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं, १९१७ ते १९३४ गांधीजींचा मुंबईतला मुक्काम तिथे, १९५५ पासून संग्रहालय. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, काचेतून बघायची. आत बैठक आणि चरखे, बास. पोरगी काचेला नाक लावून किती वेळ उभी. मग अशा घराला नक्की म्हणायचं काय?

काका, चरई: ताई, बाईंनी खोडलं ते बरोबर. वास्तुसंग्रहालय म्हणजे वास्तूंचा संग्रह, तिथे तर वास्तू एकच. पण लेकीला सांगा की तिचा कान तयार आहे, कारण वस्तू आणि वास्तू दोन्ही एकाच धातूतून आलेत, वस् म्हणजे राहणे. वास, वस्ती, वसणे, आणि आपण ज्या काळाला वसाहतीचा काळ म्हणतो ती वसाहतसुद्धा त्यातलीच. जाता जाता, वस्तू सुटा लिहिला की तू दीर्घ आणि वस्तुसंग्रहालय लिहिताना तु ऱ्हस्व, हे मोठी माणसंही चुकतात.

ऐरोलीकर: मी मूळचा नागपूरचा, आमच्याकडे ह्याचा निकाल लोकांनी कधीच लावलाय. १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, पण रिक्षावाल्याला संग्रहालय सांगून बघा, त्याला अजब बंगलाच कळतो. आता बंगला म्हणजे मुळात बंगालच्या पद्धतीचं, बंगाली घर. बैठं, शाकारलेलं. साहेबाने तो शब्द उचलला, त्याचं बंगलो केलं, आणि आपल्याकडे बंगला म्हणजे बाग-व्हरांडा असलेलं साहेबाचं घर झालं. मग नुसतं स्वतंत्र घर असलं तरी बंगला. मणिभवनला मजले आहेत तरी मी बंगलाच म्हणेन.

नौपाडेकरीण: अजब बंगला फारच आवडला, पण मणिभवनला नाही शोभत, तिथे अजब असं काही नाहीच, साधेपणाच आहे. काका, धातूचं वाचून दाखवलं तर आमच्या लेकबाईसाहेब खूष झाल्या.

अजून एक खटकतं. त्या घराला सगळीकडे 'गांधीजींचे निवासस्थान' लिहितात. घर झवेरींचं, हे पाहुणे, मग निवासस्थान कसं? आपल्या मराठीत ह्याला किती नेमका शब्द आहे, उतरणे. गांधीजी मणिभवनला उतरायचे. माझी आजी म्हणायची, मुंबईला गेलं की आम्ही मामांकडे उतरायचो, त्यात राहणं आलं, यजमान आले, परत जाणंही आलं. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे त्यांना पकडलं ते ह्याच घराच्या गच्चीवरच्या तंबूतून, म्हणजे पाहुण्यासाठी घरमालकाने काय काय अंगावर घेतलं असेल बघा. निवासस्थान म्हटलं की झवेरी पुसलेच जातात, हे मला मनापासून लागतं.

काका, चरई: उतरणे मान्य, एकदम मान्य. आणि त्या घराचा आवाजही लेकीला सांगा. गांधीजींनीच लिहून ठेवलंय, रेवाशंकरभाईंच्या घरावरून रोज एक पिंजारी धनुकलीची (कापूस पिंजायच्या धनुष्याची) तार छेडत जायचा, त्याला वर बोलावलं, तो गाद्यांचा कापूस पिंजणारा निघाला, पेळूसाठी (सूत कातायला वळतात ती कापसाची वळी) पिंजायला तयार झाला पण भाव चढा सांगितला. आमच्या चरईतसुद्धा लहानपणी पिंजारी यायचा, ट्वंग ट्वंग ऐकलं की आई गादी काढायची. धनुकली, पेळू, पिंजणे, हे शब्द आता काचेमागेच राहिलेत.

नौपाडेकरीण: पेळू म्हणजे काय ते तिने लगेच विचारलं, मग मी हातात कापूस घेऊन वळून दाखवला. वाक्य तिने आता असं केलंय: "मणिभवन हे गांधीजी उतरायचे ते घर, तिथे आता संग्रहालय आहे." वस्तु नाही, वास्तु नाही. उद्या बाईंना दाखवणार आहे.