पंक शो, पिट आणि गर्दीचा रेटा: जाणकारांनी लिहा (अनुभव धागा)

सांगली-मिरजेत हळदीचं रिकामं गोदाम नाहीतर एखादं मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन पंकचा, म्हणजे वेगवान, दणदणीत रॉक संगीताचा, शो लावायचा, तर गाणी बसवायच्या आधी गर्दी बसवावी लागते. घरच्यांना पिट, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांचं रिंगण, ही मारामारी वाटते आणि शो लावणाऱ्यांना हॉल खच्चून भरला म्हणजे जिंकलो असं वाटतं. यातली दुसरी समजूत जास्त घातक. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. कोण कुठं पडलं याच्या कहाण्या नकोत. माप, आकडा, काय बिघडतं आणि का, तेवढं हवं. उत्तराच्या वर आपलं टोपणनाव टाका.

पिटची कड

पिट बाहेरून दिसतो तितका आंधळा नसतो. खांद्याला खांदा आदळतो. कोपर आत, मूठ उघडी. कोणी पडला की जवळचे दोघं काखेत हात घालून त्याला एका हिसक्यात उभं करतात आणि आणखी दोन-तीन जण पाठ वळवून त्याच्याभोवती भिंत धरतात. चष्मा किंवा बूट सापडला तर हात उंच करून धरायचा, मालक येऊन घेतो. आपला मोबाईल पडला तर वाकायचं नाही. शिरण्याआधी नाडीला दुहेरी गाठ मारा. कडं, अंगठी, साखळी, टोकदार पट्टा काढून ठेवा.

खरी जबाबदारी कडेवरच्यांची. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित सैल, तळवे छातीसमोर बाहेरच्या दिशेनं. अंगावर आलेल्याला अडवायचं, भिरकावून द्यायचं नाही. जो नुसता ऐकत उभा आहे त्याला आत ओढणं हा सरळ गुन्हा समजावा. गोदामात लोखंडी खांब असतात. त्यांना जमिनीपासून सहा फुटांपर्यंत गादी गुंडाळून दोरीनं आवळा. आणि खांब असलेल्या हॉलमध्ये 'वॉल ऑफ डेथ' (गर्दी दोन भागांत फुटून समोरासमोर धावत आदळते तो प्रकार) नकोच.

पिटमध्ये मोकळी जागा असते, म्हणून पडता येतं आणि उठताही येतं. जीव जातो तो जागा संपलेल्या ठिकाणी.

बल्ली-दोरी, सातारा

वरच्या शेवटच्या वाक्याचं गणित मांडतो. ४० बाय ६० फुटांचा हॉल म्हणजे २४०० चौरस फूट. स्टेज २० बाय १६, म्हणजे ३२० गेले. साउंडचं टेबल, पाणी, प्रथमोपचार यांचे २८०. उरले १८००. पिट पडला की १६ फूट व्यासाचं रिंगण मोकळं होतं आणि तेवढी माणसं मागं दाबली जातात, म्हणून आणखी २०० वजा. १६०० चौरस फूट म्हणजे साधारण १५० चौरस मीटर. चौरस मीटरला दोन माणसं धरा: तिकिटं ३००, एकही जास्त नाही. मीटरला चार झाली की चालणं अवघड होतं, पाचच्या पुढं धोका, आणि सहा-सातला माणूस स्वतःच्या पायावर राहत नाही; गर्दी पाण्यासारखी हेलकावते.

दाराचं त्याहून महत्त्वाचं. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेत सिनसिनाटीला 'द हू' या रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी ११ जण दाराबाहेरच चेंगरून गेले. लोक हजारो आणि उघडलेली दारं मोजकी. आपल्याकडं मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत सुमारे ३०० माणसं गेली. अरुंद चढ आणि नारळाच्या पाण्यानं निसरड्या पायऱ्या. एकीकडं रॉक, दुसरीकडं यात्रा, पण रेटा एकच. म्हणून दार शोच्या तासभर आधी उघडा आणि रांग वळणावळणाची ठेवा. शटर पूर्ण वर चढवून कुलूप लावा, म्हणजे कोणी खाली ओढणार नाही. मागचं दार आतून कडी न लावता, तिथं एक माणूस उभा करून ठेवा.

स्टेजसमोर सुतळीनं बांधलेला बांबू लावू नका. रेटा आला की तो मोडतो आणि मोडलेलं टोक पोटात घुसतं. लोखंडी बॅरिकेड घ्यायचं तर तळाची पट्टी प्रेक्षकांच्या बाजूला हवी. त्यांच्याच वजनानं ते जागेवर राहतं. मागं तीन-चार फुटांची गल्ली सोडा, उचललेला माणूस तिथूनच बाहेर काढायचा असतो. स्टेजची उंची दोन फुटांच्या आत असेल तर बॅरिकेडऐवजी चार खमके स्वयंसेवक पुरतात.

मिरजेची सिस्टर

चेंगराचेंगरीत माणसं तुडवून मरतात असा समज आहे. बरीचशी उभ्या उभ्या जातात. छाती सगळीकडून दाबली की फुगत नाही, श्वास आत येत नाही. म्हणून हात बॉक्सरसारखे छातीसमोर धरा, तेवढी चार बोटं जागा फुप्फुसांना मिळते. ओरडून हवा घालवू नका. रेट्याच्या उलट जोर लावू नका; लाट ओसरली की दोन लाटांच्या मध्ये तिरकं, कडेकडेनं सरका. भिंत आणि बॅरिकेडपासून लांब.

बाहेर काढलेला माणूस हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ लावा आणि छातीच्या मधोमध दाब सुरू करा: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. दोघांनी दोन-दोन मिनिटांनी आलटून पालटून.

पिटवाल्यांना एक सांगते: पडलेल्याला उचला हे ठीक, पण स्टेजवरून उडी मारलेला डोक्यावर पडला आणि हलत नसेल तर हात लावू नका. मान जागेवर ठेवा, गाणं थांबवा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट दवाखाना.

पाणी: ३०० माणसांना २० लिटरचे १५ जार, फुकट.

कॉलमच्या मागे

शो थांबवायचा अधिकार तिघांना द्या: गाणारा, साउंडवाला, पुढचा स्वयंसेवक. खूण एकच, डोक्यावर दोन्ही हातांची फुली. आधी आवाज बंद, मग सगळे दिवे, मग एकाच माणसाचा शांत आवाज: "मागच्यांनी आधी दोन पावलं मागं." क्रम तोच हवा. पुढचा इच्छा असूनही हलू शकत नाही आणि मागच्याला पुढं काय चाललंय ते दिसत नाही. माईक आणि दोन दिवे वेगळ्या बॅटरीवर ठेवा. जनरेटर इमारतीबाहेर, धूर आत येणार नाही असा.

लग्नातली ठिणग्यांची नळकांडी अजिबात नको. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या 'स्टेशन' नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीनं भिंतीचा फोम पेटला, १०० माणसं गेली. बहुतेक लोक ज्या दारानं आले त्याच दाराकडं धावले. आपल्या कार्यालयांत छताला कापड आणि मागं थर्माकोल असतो.

कानाचं: १०० डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त १५ मिनिटं. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचं बूच बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा.

कराडची

दादा लोकांनो, मुलींचं कोणी लिहिलंच नाही. नव्वदच्या दशकात 'बिकिनी किल' या अमेरिकन पंक बँडनं मुलींना पुढं बोलावून जागा करून दिली, कारण पुढची जागा धटिंगणांची झाली होती. पिटमध्ये धक्का चालतो, चाचपणं नाही. दारावर एक बाई स्वयंसेवक हवी आणि तिचा शब्द अखेरचा. गर्दीत हाणामारी करणाऱ्याला 'फुगाझी' हा अमेरिकन पंक बँड भर कार्यक्रमात थांबवून तिकिटाचे पैसे परत देई आणि बाहेर काढी. चाचपणाऱ्यालाही तेच. तेवढे सुटे पैसे पाकिटात घालून दारावर ठेवा, म्हणजे वाद लांबत नाही.

बल्ली-दोरी, सातारा

ताई, बरोबर. एक राहिलं होतं: मोटरसायकली. दाराला चिकटून लावल्या की सुटताना पहिला माणूस हँडलला अडकतो आणि मागचे त्याच्यावर येतात. दारापासून ३० फुटांवर चुन्याची रेघ मारा, आणि शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधी एकजण बाहेर जाऊन रेघेच्या आतली गाडी उचलून लांब ठेवेल असं बघा.