मदत हवी आहे: पाळी बदलताना हँडओव्हर अर्धवट राहतो

३० खाटांचं रुग्णालय, तीन पाळ्या, १४ नर्स. ड्युटी लावणं माझ्याकडे. रात्रपाळीकडून सकाळच्या सिस्टरना पेशंटची माहिती अर्धवट मिळते. मागच्या महिन्यात एका पेशंटला अँटिबायोटिकचा डोस दुसऱ्यांदा जाता जाता राहिला, कारण आधीचा चार्टवर चढवलाच नव्हता.

एसबीएआर पद्धतीचा (पेशंटची सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, आपलं निरीक्षण आणि पुढे काय करायचं, या क्रमाने माहिती देण्याची पद्धत) छापील तक्ता आणला. आठवडाभर नीट भरला, मग नुसत्या बरोबरच्या खुणा. दोन पाळ्यांत १५ मिनिटं सामाईक ठेवली, तर सकाळच्या उशिरा येतात आणि रात्रीच्या निघायच्या घाईत. रात्रभर उभं राहिलेल्यांना दोष तरी काय देणार! खाटेशेजारी उभं राहून माहिती देणं मात्र बऱ्यापैकी चाललं. अडलं ते एका ज्येष्ठ सिस्टरपाशी. कामात सगळ्यांत तरबेज, पण "मला कागद लागत नाही" म्हणतात, आणि नव्या मुली त्यांचंच बघून शिकतात.

त्यांच्याशी एकदा एकट्यात बोललोय, फरक नाही. नवी भरती, सॉफ्टवेअर दोन्ही सध्या शक्य नाही. मेमो द्यायचा नाही, कारण मग चुका लपवल्या जातील.

तक्ता तपासायचं काम त्यांच्याकडेच सोपवलं तर जमेल का, की उलटंच होईल? कुणी असं करून पाहिलंय का?