झोपेची गोळी आणि उलटीची गोळी: औषध एक, हिशेब वेगळा

झोपेसाठी मिळणारी डॉक्सिलअमाइनची २५ मिग्रॅची गोळी अर्धी करून गरोदरपणातल्या मळमळीवर चालेल का, हा प्रश्न रास्त आहे. रेणू तोच, पण गोळीची घडण वेगळी.

मळमळीच्या नेहमीच्या गोळीत १० मिग्रॅ डॉक्सिलअमाइन आणि १० मिग्रॅ पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, असतं. वरचं आवरण उशिरा विरघळतं, म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा जोर सकाळी, नेमका मळमळीच्या वेळी, मिळतो. ती चावली, कुटली की हा सगळा खटाटोप वाया. रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. जेवणावर घेतली तर असर आणखी लांबतो. सुरुवात झोपताना दोन गोळ्यांनी. भागलं नाही तर डॉक्टर सकाळी एक, दुपारी एक वाढवतात. दिवसाला चारच्या वर नाही. झोपेची साधी गोळी मात्र अर्ध्या तासात चढते, शिवाय तिच्यात बी-६ नसतं.

या जोडगोळीचं जुनं औषध खटल्यांमुळे १९८३ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं आणि २०१३ मध्ये नव्याने मंजूर झालं. या औषधाने बाळात व्यंग येतं, हा खटल्यांतला आरोप अभ्यासांत टिकला नाही.

निव्वळ निद्रानाशासाठी डॉक्सिलअमाइन मला कामचलाऊच वाटतं. अर्धं औषध शरीरातून उतरायला दहा-बारा तास लागतात, त्यामुळे सकाळी डोकं जड. आणि काही रात्रींत शरीराला सवय होऊन गुंगी कमी येते. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ हे वेगळंच. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सोबत दारू किंवा दुसरं गुंगीचं औषध नको.

पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल तर गोळ्या वाढवत बसू नका, दवाखाना गाठा.