टेबलच्या कॉलमची नावं काढायला सगळ्या डेटाबेसमध्ये चालेल अशी क्वेरी आहे का?

प्रश्न
नमस्कार मंडळी, एक स्क्रिप्ट लिहितोय, टेबलचं नाव दिलं की त्याच्या कॉलमची नावं क्रमाने मिळायला हवीत, आणि डेटाबेस कुठलाही असू शकतो, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूलाइट. इन्फॉर्मेशन स्कीमातल्या (डेटाबेस स्वतःच्या टेबलांची माहिती जिथे देतो) कॉलम्स व्ह्यूवर, म्हणजे टेबलसारख्याच तयार यादीवर, क्वेरी मारली तर मायएसक्यूएलमध्ये १७ कॉलमच्या टेबलला ३४ ओळी आल्या, प्रत्येक नाव दोनदा! ओरॅकल तर असं काही नाहीच म्हणतंय. दोन दिवस यातच गेले, प्लीज सांगा.

उत्तर १
त्याच सर्व्हरवर दुसऱ्या डेटाबेसमध्ये ह्याच नावाचं टेबल असणार, बघा. तो व्ह्यू तुम्हाला परवानगी असलेल्या सगळ्याच डेटाबेसचे कॉलम दाखवतो, त्यामुळे नुसत्या टेबलच्या नावावर भागत नाही, टेबल स्कीमाची, म्हणजे डेटाबेसच्या नावाची, अट पण टाका. आणि ऑर्डर बाय ऑर्डिनल पोझिशन (कॉलमचा क्रमांक) लावाच, नाहीतर क्रमाची खात्री नाही.

उत्तर २
ओरॅकलमध्ये इन्फॉर्मेशन स्कीमा नसतोच, तिथे स्वतःच्या टेबलांसाठी यूजर टॅब कॉलम्स आणि दुसऱ्यांच्या टेबलांसाठी ऑल टॅब कॉलम्स हे व्ह्यू, क्रम कॉलम आयडीवरून. पण टेबलचं नाव कॅपिटलमध्ये द्या हं, कारण कोट न लावता बनवलेलं नाव ओरॅकल कॅपिटलमध्ये साठवतं आणि पोस्टग्रेस बरोब्बर उलटं, स्मॉलमध्ये. मी एकदा स्मॉलमध्ये नाव देऊन अर्धा दिवस शून्य ओळी बघत बसलो होतो, एररही येत नाही त्यामुळे कळतच नाही काय चुकलं.
एसक्यूलाइटला प्राग्मा टेबल इन्फो ही कमांड. त्यात जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप काढलेले) येत नाहीत, ते हवे असतील तर टेबल एक्सइन्फो वापरा.

उत्तर ३
स्क्रिप्टमधूनच करायचंय ना, मग कॅटलॉगच्या, म्हणजे डेटाबेसच्या या माहितीच्या यादींच्या, मागे कशाला लागताय? सिलेक्ट स्टार करा आणि व्हेअरमध्ये १ = ० ही कधीच खरी न होणारी अट टाका. ओळ एकही येत नाही पण कॉलमची नावं रिझल्टसोबत येतातच, पायथनमध्ये कर्सरच्या डिस्क्रिप्शनमध्ये, जावात रिझल्ट सेटच्या मेटाडेटात. चारही ठिकाणी चालतं, व्ह्यूवरसुद्धा. फक्त डिफॉल्ट व्हॅल्यू, कॉमेंट असलं काही हवं असेल तर मात्र कॅटलॉगशिवाय पर्याय नाही.

प्रश्नकर्ता
खरंच जुन्या बॅकअपचा एक डेटाबेस तिथेच पडून होता, स्कीमाची अट टाकल्यावर १७ आल्या. मला नावंच हवीत त्यामुळे १ = ० वालं घेतोय, ओरॅकलवर आत्ताच चालवून पाहिलं, आली नावं. मनापासून आभार सगळ्यांचे 🙏